सिस्टरांचा तोंकात्सु

सिस्टरांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला जाण्याआधी माझी तपासणी झाली. नखं, दात, डोळे. डोळ्याची खालची पापणी ओढून त्या म्हणाल्या, रक्त कमी आहे, पालेभाजी खात नाहीस. मग भाडं सांगितलं. नगरमध्ये त्याआधी मी चार खोल्या बघितल्या होत्या. तिथं जात विचारली, गाव विचारलं, लग्न का नाही झालं ते विचारलं. हिमोग्लोबिनची चौकशी कुणी केली नव्हती. मी त्याच दिवशी सामान आणलं.

एका दवाखान्यात त्या जन्मभर नर्स होत्या आणि शेवटची बरीच वर्षं मेट्रन. निवृत्त होऊनही गल्लीच्या लेखी त्या सिस्टरच राहिल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा पुण्यात. घरातसुद्धा पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पदराला टाचलेलं उलटं घड्याळ. पाहुण्यांना त्या व्हिजिटर म्हणत आणि चार ते सहा सोडून आलेल्यांना ओसरीवर बसवून ठेवत. फ्रीजमधल्या डब्यांना बेड नंबर होते. ‘तीन नंबरची तब्येत बघ गं,’ असं खालून ओरडल्या की मी तीन नंबरची आमटी नासली का ते बघायचं. पोस्टमनला त्यांनी पायाच्या सुजेवरून डॉक्टरकडे पिटाळला होता, तो अजून त्यांना सलाम केल्याशिवाय पुढं जात नाही.

आमटी मी बघायची, कारण सिस्टरांना वास येत नव्हता. कोविडच्या दिवसांत, निवृत्त असून, त्या हट्टानं सेंटरवर कामाला गेल्या. तिथं त्यांना स्वतःला झाला. बऱ्या झाल्या, पण वास गेला तो परत आला नाही, आणि वासाबरोबर चवही गेली. तीन वर्षं झाली होती. जेवण कसं लागतं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ओला कापूस चघळल्यासारखं. त्यात रड नव्हती, रिपोर्ट होता.

माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण यातला निम्मा गुन्हा माझा आहे. मी अकोले तालुक्यातली, भाताच्या खाचरांतून मोठी झालेली. सुप्याच्या एका जपानी कारखान्यात क्वालिटीला होते. दिवसभर सुटे भाग मोजायचे, बसत नसेल ते बाजूला काढायचं आणि शेरा लिहायचा. म्हणजे खरं बोलण्याचा पगार. तो मी कसा हलाल केला ते पुढं येईलच.

एका संध्याकाळी शिफ्टवरून आले तर फाटकापाशीच गॅसचा वास. धावत आत गेले. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता, बटण चालूच होतं, आणि शेजारच्या खुर्चीत सिस्टर शांतपणे पेपर वाचत होत्या. मी रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या आणि त्यांचा हात धरून त्यांना अंगणात आणलं. तिथूनच मी त्यांच्या मुलाला फोन केला.

तो रविवारी बायकोला घेऊन आला. चांगला माणूस आहे, आईवर जीव आहे. त्यानं सिलिंडर उचलला, शेगडी उचलली, दोन वेळचा डबा लावला. सूनबाईंनी ओटा पुसून त्यावर प्लास्टिकची फुलं ठेवली. ती फुलं बघून मला रडू आलं, कारण माझ्या फोनमुळंच ती तिथं आली होती.

चार दिवसांनी मी खाली जाऊन माफी मागितली. सिस्टर म्हणाल्या, “रिपोर्ट केलास ते बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं. पण रिपोर्ट करून पेशंटला टाकून जायचं नसतं.” मी दुसऱ्या दिवशी इंडक्शनची शेगडी आणली, पाटीवर तापमान दिसणारी. मुलानं फोनवर परवानगी दिली ती फक्त चहापुरती.

नोव्हेंबरात त्याचा पुन्हा फोन आला. यंदा ख्रिसमसचं जेवण केटररकडून मागवू, आणि ख्रिसमस झाला की मम्मी, तू आमच्याबरोबर पुण्याला चल, कायमची. सिस्टरांनी फोन स्पीकरवर टाकला होता, बहुधा मला साक्षीदार म्हणून. त्या म्हणाल्या की जेवण मी करणार. एकही गोष्ट करपली, कच्ची राहिली किंवा बिघडली, तर मी मुकाट्यानं तुझ्या गाडीत बसते. आणि नाही बिघडली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मग तो बरं म्हणाला.

आता त्यांचं ख्रिसमसचं जेवण म्हणजे मसाल्याचा रस्सा. मसाला भाजायला नाक लागतं. त्यांनी एकदा करून बघितलं आणि खोबरं काळं पडलेलं त्यांना दिसेपर्यंत वर मला ठसका लागला होता. रात्रीचा डबा आम्ही दोघी एकत्र खायचो. त्या दिवशी डबा पुढं ठेवून त्यांनी विचारलं, “ज्याला नाक लागत नाही असा कुठला पदार्थ आहे?”

मला तोंकात्सु आठवला. कंपनीनं मला तीन महिने जपानला ट्रेनिंगला पाठवलं होतं आणि तिथल्या कँटीनला दर गुरुवारी तो असायचा. बोटभर जाडीचा पोर्कचा सलग तुकडा, त्यावर पावाच्या चुऱ्याचं आवरण, तळून आडवा कापलेला. शेजारी बारीक चिरलेला कोबी आणि जरा चिकट भात. आमच्या घरी कोंबडी आणि बोकड यांच्यापुढं कुणी गेलेलं नाही. मी आधी दोन खाल्ले आणि मग चौकशी केली. आईला अजून सांगितलेलं नाही, हे वाचून कळलं तर कळलं. सिस्टरांना मी सांगितलं की त्यात मसाला नाही, मीठ-मिरी फक्त, आणि शंभर माणसं एकदम खायला लागली की हॉलभर कुरकुर आवाज व्हायचा.

सिस्टरांचा घास हातातच राहिला. “आवाज?” त्यांनी विचारलं. “खाणाऱ्याला पण येतो?”

मी म्हटलं, सगळ्यात जास्त खाणाऱ्यालाच येतो. त्या उठल्या आणि कोरा केस पेपर घेऊन आल्या. खरंच त्यांच्याकडे जुन्या केस पेपरांचा गठ्ठा होता. जाडी किती, रंग कसा, आत ओलावा असतो का, तळताना बुडबुडे मोठे की बारीक, बाहेर काढल्यावर किती वेळानं कापतात. मी सवयीनं जाडी मिलिमीटरमध्ये सांगितली, त्यांनी सवयीनं ती लिहून घेतली. उरलेलं आम्ही मोबाईलवर व्हिडिओ बघून भरलं.

पोर्क गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या खाटकाकडून यायचं. त्याच्या तिन्ही मुलांचे जन्म सिस्टरांच्या हातचे. तो हाडासकट सटासट तुकडे करून देणारा माणूस, सलग काप हा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. सिस्टरांनी कागदावर डुकराची पाठ काढून दाखवली, कणा, मांस, चरबी, सगळं बाणांनी. तो कागदाकडे बघत म्हणाला, “सिस्टर, येवढा मोठा पीस शिजायचा न्हाई. पाव्हनं उपाशी उठतील. बारीक करतो, ऐका माझं.” सिस्टरांनी पिशवीतून माझी स्टीलची पट्टी काढली आणि त्याच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवली. पंधरा मिलिमीटर. त्यानं पहिला काप अठराचा दिला, दुसरा बाराचा, तिसरा बरोबर आला तेव्हा स्वतःच खूश झाला.

घरी आल्यावर तयारी ऑपरेशनची असावी तशी. कोपरापर्यंत हात धुणं, ओट्यावर पांढरा कपडा, तीन ट्रे: मैदा, फेटलेलं अंडं, चुरा. चरबीच्या कडेला चाकूच्या टोकानं बारीक चिरा, नाहीतर तुकडा तेलात आकसून वाकडा होतो. डावा हात कोरडा, तो फक्त मैद्याला आणि चुऱ्याला शिवणार. उजवा ओला, तो फक्त अंड्यात. व्हिडिओतली बाई तेच सांगत होती, पण सिस्टरांना ते कुणी शिकवायची गरज नव्हती. निर्जंतुक हात आणि दुसरा हात त्यांनी जन्मभर वेगळे ठेवले होते. मी एकदा चुकून डाव्या हातानं अंडं ढवळलं तर त्यांनी मला पुन्हा धुवायला पाठवलं.

पहिल्यांदा केलेला तुकडा दिसायला सुंदर झाला. सोनेरी, चुरा ताठ उभा, कापल्यावर आत पांढरा आणि ओलसर. मी घास घेतला आणि तोंडात वेलची आली. चुरा त्यांनी बेकरीच्या टोस्टचा केला होता, चहात बुडवून खायचा गोड टोस्ट, वेलची घातलेला. गल्लीत सकाळी सायकलवर विकायला येतो तो. नाक असलेल्या माणसानं पिशवी उघडताच ओळखला असता.

सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ओट्यावरची प्लास्टिकची फुलं त्यांनी केव्हाच कोपऱ्यात ढकलली होती. मी म्हटलं, “मस्त झालाय. अगदी तसाच.”

तेवढ्यात मागच्या दारानं आयाबाई आल्या. दवाखान्यात सिस्टरांच्या हाताखाली काम केलेल्या, मूळच्या तिसगावच्या, रोज चक्कर मारणाऱ्या. सिस्टरांनी त्यांच्या हातावर एक तुकडा ठेवला. त्यांनी चावला, थांबल्या, पुन्हा चावला.

“सिस्टर, ह्ये नानकटाईवानी लागतंय की,” त्या म्हणाल्या. “इलायची टाकली व्हय?”

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी कोबीकडे बघितलं. आयाबाईंना काय झालं ते कळेना, त्या दुसरा तुकडा घेऊन गेल्या.

सिस्टर रागावल्या की आवाज खाली यायचा. त्यांनी मला एका नर्सची गोष्ट सांगितली. चांगली, कष्टाळू मुलगी होती. एका पहाटे तिनं पेशंटला न उठवता चार्टवर ताप भरून टाकला, कालच्यासारखाच, कारण त्याला झोप लागली होती आणि तिला त्याची दया आली होती. ताप खरं तर चढत होता. पेशंट वाचला, पण सिस्टरांनी त्या मुलीला त्याच दिवशी घरी पाठवलं. मग त्या म्हणाल्या, “मला नाक नाही. तुझं नाक मी उसनं घेतलंय. तूच खोटं लिहिलंस तर मी काय धरून उभी राहू?”

कारखान्यात मी अर्ध्या मिलिमीटरसाठी लोकांशी भांडत होते आणि इथं दया म्हणून खोटा शेरा मारून आले होते. मी सॉरी म्हटलं. त्यांनी केस पेपरवर ‘वेलची’ असं लिहून खाली रेघ मारली आणि सांगितलं, उद्या साडेसहाला.

त्यानंतर महिनाभर मी सिस्टरांना जितकं वाईट बोलले तितकं आयुष्यात कुणाला बोलले नसेन. मीठ कमी. तेल पिलंय. सॉस औषधासारखा लागतोय. त्या मान डोलावून लिहून घ्यायच्या. चुऱ्यासाठी साधा स्लाइस ब्रेड, कडा काढून, आदल्या दिवशीचा, मोठ्या भोकाच्या किसणीवर किसून पंख्याखाली वाळवलेला. सॉस टोमॅटो केचप, सोया सॉस, साखर आणि थोड्या चिंचेच्या कोळावर जमला. चिंचेची कल्पना आयाबाईंची. तांदूळ माझ्या गावचा इंद्रायणी, तो आपोआपच हवा तेवढा चिकटतो. दुसऱ्या आठवड्यात आवरण सुटून तेलात तरंगायला लागलं, तिसऱ्यात ते चिकटून राहिलं. आणि एक दिवस सिस्टर डोळे मिटून कढईजवळ उभ्या राहिल्या आणि मला गप्प राहायला सांगितलं. म्हणाल्या, सुरुवातीला आवाज मोठा असतो, आतलं पाणी निघत असतं. मग तो बारीक होतो. बारीक झाला की अजून वीस सेकंद. मी कापून बघितला. बरोबर शिजला होता. त्यानंतर त्यांनी घड्याळ बघणं कमी केलं, तरी पाटीवरचा आकडा मात्र सोडला नाही.

ख्रिसमसच्या दिवशी सकाळी देवळातून, सिस्टर चर्चला देऊळच म्हणत, सगळे आले. मुलगा, सूनबाई, त्यांच्याकडची चार माणसं. गाडीतून मुलानं दोन मोठ्या रिकाम्या बॅगा उतरवल्या आणि ओसरीवर ठेवल्या. त्या कशासाठी आहेत हे सगळ्यांना कळलं. मला त्या क्षणी त्याचा मनापासून राग आला.

साडेबाराला तळायला घेतलं. चौदा तुकडे. गल्लीत मांडवातल्या स्पीकरवर ख्रिसमसची गाणी इतक्या मोठ्यानं चालली होती की कढईचा आवाज ऐकू येत नव्हता. सिस्टरांच्या कपाळावर आठ्या होत्या, त्या फक्त आकड्यावर काम करत होत्या. सहा झाले. सातवा-आठवा तेलात टाकले आणि मिनिटभरात लाइट गेली.

पाटी काळी झाली. कढईतलं तेल गप्प व्हायला लागलं. सिस्टरांनी क्षणभर वाट बघितली, मग ते दोन्ही तुकडे बाहेर काढून एका वेगळ्या ताटलीत ठेवले. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात आला आणि हळूच म्हणाला की मम्मी, राहू दे, आपण बाहेरून मागवू. सिस्टर त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “व्हिजिटरनी बाहेर थांबायचं.”

आयाबाईंनी परसातली कोळशाची शेगडी ओढली. ती कपडे इस्त्री करायच्या कोळशासाठी ठेवलेली, शेगडीची आठवण कुणाला नव्हती म्हणून उचलली गेली नव्हती. गोवरीचा तुकडा, कोळसे, पुठ्ठ्यानं वारा. धूर झाला, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टरांना त्याचं काही नव्हतं. कोळसे लाल झाले तशी कढई वर चढली. आता आकडा नव्हता, बटण नव्हतं. सिस्टरांनी चुऱ्याची चिमूट तेलात टाकली. ती तळाशी जाऊन रेंगाळली. थांबल्या. दुसरी टाकली, ती अर्ध्यात जाऊन वर आली. त्यांनी नववा तुकडा सोडला.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गल्लीत अगदी शांत आहे. लाइट गेली तेव्हा स्पीकरही गेले होते. परसात फक्त कढईचा आवाज होता, मोठा, मग बारीक, मग अजून बारीक. सिस्टर डोळे मिटून उभ्या होत्या. सूनबाई दारात येऊन थांबल्या होत्या, त्याही हलल्या नाहीत. एकेक करत सहाही निघाले. मी शेवटचा मधून कापला. आत पांढरा, ओलसर, कुठंही गुलाबी नाही. मी सिस्टरांना म्हटलं, “बरोबर आहे. खरं सांगतेय.” त्या म्हणाल्या, “माहिती आहे.”

टेबलावर आठ ताटं लागली. आयाबाई परसातच ताट घेऊन बसल्या. गरम भात, कोबी, सॉस. पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला. कुरकुर, कुरकुर, सगळ्या बाजूंनी. मुलानं दुसरा तुकडा मागितला, त्याच्या सासऱ्यांनी तिसऱ्याची चौकशी केली. सिस्टर सगळ्यांना वाढून शेवटी बसल्या. एक तुकडा उचलला आणि चावला. मी त्यांच्याकडे बघत होते. इतक्या दिवसांत जेवताना त्यांच्या चेहऱ्यावर मी काही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्या हसल्या. दुसरा घास घेतला आणि पुन्हा हसल्या. मला इतका आनंद झाला की मी जेवायची थांबले.

जेवणं झाल्यावर सिस्टर उठल्या आणि आतून ती वेगळी ताटली घेऊन आल्या. दोन अर्धवट तळलेले तुकडे, मऊ पडलेले. त्यांनी ती मुलासमोर ठेवली. मी मनात म्हटलं, कशाला. कुणी तुकडे मोजले नव्हते. आयाबाईंनी तर ते राखेत पुरायला हातात घेतले होते.

“हे दोन बिघडले,” सिस्टर म्हणाल्या. “कच्चे आहेत म्हणून वाढले नाहीत. अट माझी होती. एकही बिघडता कामा नये अशी.”

सूनबाई म्हणाल्या की मम्मी, लाइट गेली, त्यात तुमचा काय दोष. सिस्टरांनी मान हलवली. कारण वेगळं, निकाल वेगळा, असं म्हणून त्या ओसरीवरच्या बॅगांकडे निघाल्या. जिंकलेली बाई स्वतःच्या पायानं हरायला निघाली होती आणि तिला अडवायची हिंमत माझ्यात नव्हती.

मुलगा त्या ताटलीकडे बघत बसला होता. मग म्हणाला, “मम्मी, थांब.” सिस्टर थांबल्या. तो म्हणाला, “बिघडलं ते तुला कळलं. कुणी न सांगता. मला भीती बिघडण्याची नव्हती. तुला कळणार नाही, याची होती. गॅसच्या दिवशी तुला कळलं नव्हतं.” त्यानं ताटली बाजूला सारली. “त्या दिवसापासून मला झोप नाही.”

सिस्टर परत आल्या, त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी बघत होत्या की हात धरला होता, ते मला कळलं नाही. मग त्या म्हणाल्या की गॅस नको, इंडक्शन राहील, कोळसे राहतील. वर नाक असलेली भाडेकरू आहे, ती गेली तर दुसरी बघून ठेवीन, तपासून. तो हो म्हणाला.

पुढं वर्षभरानं मी बदली होऊन चाकणला आले, आणि माझ्या खोलीत आता एक शाळामास्तरीण राहते. तिचंही हिमोग्लोबिन बघितलं गेलं, असं आयाबाई फोनवर सांगत होत्या.

पण त्या संध्याकाळचं सांगते. चार वाजता मंडळी निघाली. रिकाम्या बॅगा तशाच गाडीत ठेवायला मुलानं डिकी उघडली. सिस्टरांनी त्याला थांबवलं, एका बॅगेची चेन उघडली, आत वर्तमानपत्र अंथरलं आणि कोबीचा डबा, सॉसची बाटली आणि किसलेल्या पावाची पिशवी नीट मांडून ठेवली. सूनबाईंनी मागून विचारलं की तुकडा कधी झाला ते आवाजावरून कसं ओळखायचं, मला दाखवाल का. सिस्टर म्हणाल्या, शिकायचं तर दोन दिवस राहायला यावं लागेल, एका भेटीत होणारं काम नाही.

गाडी सुरू झाल्यावर मुलानं काच खाली केली. “मम्मी, ईस्टरला काय करणार आहेस?”

“ते मी ठरवीन,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही वेळेवर या.”